मागून आलेला होकार

५ जानेवारी

प्रिय ठके,

प्रभूची शांती तुझ्या घरी असो आणि मुंगीचा ताप तुझ्या घरी नसो. गेल्या पत्रात ‘पोरीला बारीक ताप आहे’ असं लिहून तू जी गप्प झालीस ती झालीसच. सहा वर्षांच्या लेकराला ताप येतोच, मला कळतं. पण तिचे बाबा गेल्यापासून तू एकटी आहेस, म्हणून इकडे जीव टांगणीला लागतो. दोन ओळी टाकत जा.

आम्ही ठीक. तुझ्या वहिनीची कंबर धरते आणि माझं पोट सुटतं. मंडळीतली माणसं म्हणतात, पाळकसाहेब उपासावर बोलायला लागले की त्यांच्या कोटाच्या गुंड्या रडतात.

आता काम. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आमच्या चर्चमध्ये आयांसाठी खास उपासना आहे आणि मला आपल्या आईवर बोलायचंय. सतराव्या वर्षी मी शिकायला घर सोडलं. शेवटची आठ वर्षं तिचं सगळं तू केलंस. मला आठवतं ते असं: मी नऊ वर्षांचा असताना घटसर्पानं मरता मरता वाचलो, आणि त्याच सुमारास आईला वास येईनासा झाला. मग चव गेली. मग उजवा हात. पुढं कान, मग डोळे, आणि शेवटी तर ती आपली नावंही विसरली. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार. एवढं होऊनही तिच्या तोंडून तक्रारीचा शब्द आला नाही. विश्वासाचा याहून चांगला नमुना मी कुठं शोधू?

तू तिच्या उशाशी बसलेली आहेस. ती काय बोलायची, प्रार्थनेत काय मागायची, सगळं लिही. लवकर लिही.

तुझा,
दादा


२४ जानेवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र पंधरा दिवस पिशवीत पडून होतं. मी घरी नव्हते. हॉस्पिटलात होते, शेजारणीनं तिथं आणून दिलं.

मुंगीचा बारीक ताप आठच दिवसांत डोक्यात गेला. अकरा दिवस तिनं डोळे उघडले नाहीत. मुलांच्या वॉर्डात शेवटची खाट, भिंतीकडची. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, खोटा धीर देत नाहीत. अकराव्या दिवशी दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.”

मी ‘बरं’ म्हटलं आणि चालत सुटले. कुठं चालले होते मला माहीत नाही. वॉर्डाच्या मागं धुतलेल्या चादरी ठेवायची खोली आहे, छतापर्यंत फळ्या, इस्त्रीच्या गरम चादरींचा वास. तिथं कुणी नव्हतं. मी दार लोटलं आणि फळीला कपाळ टेकून म्हणाले, “माझं काय हवं ते घे. तिला सोड.” देवाचं नावही घेतलं नाही बघ. तेवढंच म्हणाले.

आणि मागून कुणीतरी म्हणालं, “बरं.”

दादा, मी तुला कसं सांगू. आवाज मोठा नव्हता. जड नव्हता. ‘जरा ती पिशवी धरता का’ म्हटल्यावर माणूस ‘बरं’ म्हणतो, तसा. मी वळले तर चादरी. दुपारचे चार वाजले होते, खिडकीतून ऊन आत आलेलं होतं, कोपऱ्यात लपायलाही जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगीनं डोळे उघडले आणि म्हणाली, “आई, तुझ्या साडीला पिठाचा वास येतोय.” मी रडले, हसले, साडी नाकाला लावली. मला काहीच वास आला नाही.

अजूनही येत नाही. परवा बेकरीवर कामाला परत गेले तर भट्टीतले पाव जळाले आणि मी भट्टीसमोर उभी! मुकादम ओरडला, “बाई, अख्ख्या गल्लीला वास गेला, तुम्हांला कळलं नाही?” डॉक्टरीणबाई म्हणतात सर्दीनं होतं असं कधी कधी.

मुंगी आता भिंत धरून चार पावलं चालते. आईबद्दल नंतर लिहीन. आत्ता नको.

तुझी,
ठकी


२ फेब्रुवारी

प्रिय ठके,

पत्र वाचून मी आणि तुझी वहिनी जमिनीवर गुडघे टेकून बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. (उठताना तिला मी उठवलं आणि मला खुर्चीनं.)

मुंगी वाचली! प्रभूचे उपकार कोणत्या तोंडानं मानायचे?

आणि तो आवाज. लोक आयुष्यभर गुडघे झिजवतात, त्यांना उत्तर ऐकू येत नाही. तुला आलं. तू म्हणतेस, साधा आवाज होता. अगं, साधाच असणार! आपल्या घरात कुणी आडपडद्यानं बोलत नसे, देवाला ते ठाऊक असेलच ना.

तुला न विचारता एक गोष्ट केली. रविवारी तुझं पत्र मंडळीत वाचून दाखवलं. नाव सांगितलं नाही, ‘माझी बहीण’ एवढंच. बायका पदराला डोळे पुसत होत्या. मी म्हणालो, ख्रिस्ती आई अशी असते. ती स्वतःचं मोजत बसत नाही, ‘घे’ म्हणते. हा नमुना डोळ्यांसमोर ठेवा. हे पत्र मुंगीलाही वाचून दाखव. तिला कळू दे तिची आई काय आहे ते.

वास येईल परत. माझं आईवरचं प्रवचन मात्र अडून बसलंय. लिही ना.

तुझा,
दादा


१७ फेब्रुवारी

दादा,

तू ते पत्र वाचायला नको होतंस. आता वाचलंस तर वाचलंस.

मुंगीला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिनं ‘नमुना म्हणजे काय’ विचारलं. मी म्हटलं, शाळेत बाई फळ्यावर अक्षर काढून देतात ना, ते बघून आपण तसंच काढायचं, तो नमुना.

आता नीट वाच. गेल्या सोमवारी सकाळी मुंगी उठली ती पायच हलवेना. दोन्ही पाय लाकडासारखे. मी डॉक्टरीणबाईंना बोलवायला शेजारणीला पाठवलं आणि चुलीपाशी उभी राहिले. तोंडातून आपसूक गेलं, “अजून घे.” चुलीच्या मागं भिंत आहे, दादा, आणि भिंतीच्या मागं रस्ता. तिथून आवाज आला. “बरं.” त्याच सुरात. आधीच्यापेक्षा जरा ओळखीचा झाल्यासारखा.

डॉक्टरीणबाई पोचल्या तेव्हा मुंगी अंगणात उड्या मारत होती. मी चहाचं भांडं उतरवलं. चिमट्यानं नाही, तळहातानं. शेजारीण किंचाळली तेव्हा मला कळलं. कातडी सोलून निघाली होती आणि मला काही म्हणजे काही लागलं नव्हतं. उजवा हात. बेकरीत आता सगळे मला घाबरतात. मी तापलेला पत्रा हातानं उचलते. मुकादम म्हणतो, बाई, फडकं घ्या हो, बघवत नाही.

आणि मुंगी. काल मांडीवर बसून माझा हात उलटापालटा करत म्हणाली, “आई, तुला वास येत नाही ना? माझ्याकडे दोन आहेत.” मी विचारलं, दोन काय? “दोन वास. एक माझा आणि एक मोठा. मोठ्यानं मला गल्लीच्या टोकाचं सगळं येतं.” मग म्हणाली, “हातपण दोन झालेत. एक परत घेतेस का?”

मला तिच्याकडे बघवेना.

आता आईबद्दल. तिनं मला शपथ घातली होती, पण ती गेली, आणि आता तुला कळायलाच हवं. तिचे डोळे जायच्या आदल्या वर्षी मी तिचे केस विंचरत होते तेव्हा तिनं सांगितलं. तुझा घसा बंद झाला होता, तू निळा पडला होतास. तिनं गोठ्यामागं जाऊन सांगितलं, माझं घे. कुणीतरी ‘बरं’ म्हणालं. नंतर तू दर वर्षी आजारी पडायचास, आठवतं? कधी छाती, कधी पोट. दर वेळी ती मागं जायची. मला म्हणाली, “त्याला सांगू नकोस. कळलं तर त्याला मोकळा श्वास घेता येणार नाही.”

ती तक्रार करत नव्हती कारण तो आजार नव्हता. आता लिही तुझं प्रवचन.

ठकी


२५ फेब्रुवारी

प्रिय ठके,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. मी ते कपाटात ठेवलं, बाहेर काढलं, परत ठेवलं. तुझी वहिनी विचारते, कुणी गेलं का? मी म्हणतो, हो.

मी एक गोष्ट कधीच कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे असं मला वाटलंच नव्हतं. नऊ वर्षांचा असताना मी त्या खाटेवर पडलो होतो. श्वास जात नव्हता, येत नव्हता. आई खोलीत नव्हती. आणि माझ्या उशामागून, अगदी कानाशी, कुणीतरी ‘बरं’ म्हणालं आणि माझा घसा मोकळा झाला. मी आजवर समजत होतो की ते डॉक्टर होते. काल रात्री झोप लागेना तेव्हा हिशोब जुळवला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले होते.

ठके, म्हणजे मी तिच्या डोळ्यांनी बघतोय. मला सतरा वर्षं चर्चच्या शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकू येते, त्याचा मी अभिमान बाळगत आलो. तो कान तिचा.

आता मी पाळक म्हणून लिहितो, भाऊ म्हणून नंतर. आपला प्रभू असं घेत नाही. त्यानं वधस्तंभावर एकदा दिलं आणि सगळं दिलं. त्यानंतर तो आयांच्या दारात उभा राहून आज नाक, उद्या हात असं तोडून नेत नाही. ज्याला मी ओळखतो तो लेकरांना आजारी पाडून परत परत यायला लावत नाही. बघ ना, मी बरा झालो की पुन्हा आजारी पडायचो. मुंगीचंही तेच चाललंय. हा बरं करणारा नव्हे. हा बरं होऊ न देणारा आहे.

हा कोण ते मला माहीत नाही. शास्त्र उघडून बसलो तरी मला नाव सापडत नाही, आणि नाव शोधायचीही भीती वाटते. तू मागणं थांबव. मुंगीला प्रभूच्या हातात दे आणि तुझे हात मिटून घे. हे मी कोणत्या तोंडानं सांगतो ते मला कळतं. तरी सांगतो.

तुझा,
दादा


६ मार्च

दादा,

कोणत्या तोंडानं सांगतोस? त्याच तोंडानं, जे आईनं उघडं ठेवलं.

तिनं हात मिटले असते तर तू नऊ वर्षांचा असताना गेला असतास. आज पाळकसाहेब नसते, गुंड्या नसत्या आणि ही शहाणपणाची पत्रंही नसती. तू तिचा कान लावून ऐकतोस, तिच्या डोळ्यांनी शास्त्र वाचतोस आणि मला सांगतोस की मी माझ्या पोरीला असंच जाऊ द्यावं. प्रभूच्या हातात दे म्हणे. तो हात मला दिसत नाही. दुसरा ‘बरं’ म्हणतो आणि पोर उठून बसते.

तू आई नाहीस. तुला कळणार नाही.

मागच्या आठवड्यात मुंगीला दोन दिवस धाप लागली होती. आता नाही. माझ्या डाव्या डोळ्यापुढं धुकं आहे, म्हणून ओळी वाकड्या आल्यात. समजून घे किंवा घेऊ नकोस.

ठकी


१५ मार्च

प्रिय ठके,

तुझ्या पत्रातलं एकही वाक्य खोटं नाही. फक्त काय झालं ते सांगतो.

रविवारी आयांची उपासना होती. चर्च भरलं होतं. मी व्यासपीठावर उभा राहिलो आणि ‘माझी आई’ एवढे दोनच शब्द बोललो. शेवटी तुझ्या वहिनीनं बाजाची पेटी उघडून गाणं सुरू केलं.

सगळे गेल्यावर मी मागच्या खोलीत गेलो, जिथं जुने झगे आणि मोडकी बाकं ठेवतो. भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणालो, “ठकीचं काही घेऊ नकोस, मुंगीचं घेऊ नकोस, माझं घे.” खरंच म्हणालो. अर्धा तास थांबलो. कुणी काही म्हणालं नाही.

आणि आता जे लिहितो ते लिहिताना मला माझीच लाज वाटते. दार लावून बाहेर आलो तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

तू म्हणालीस ते खरं आहे. मी आई नाही. पण मी त्या आईचं पोरगं आहे, आणि पोराच्या बाजूनं एक सांगू शकतो. मला जर कुणी विचारलं असतं, तर मी ‘नको’ म्हणालो असतो. मुंगीला विचारलंस का?

दादा


२९ मार्च

दादा,

मुंगी वाचली आहे. आधी ते लिहिते, नाहीतर तू पुढचं धडधडत वाचशील.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी पहाटेची पाळी करून दुपारी एकला घरी आले. दार उघडं होतं. मुंगी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून गुडघ्यावर बसली होती. मी शिकवलंय तसे हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले. आणि म्हणत होती, “आईचा वास आईला दे. हात दे. डोळा दे. ते सगळं मोठं आहे, मला पेलत नाही. मुंगीचं काय हवं ते घे.”

मी दारात. हातात पिशवी. आणि दादा, भिंतीच्या आत कुणीतरी श्वास घेतला. बोलण्याआधी घेतात तसा.

मी ओरडले, “नाही!” असा आवाज माझ्या घशात आहे हे मला ठाऊक नव्हतं. जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला, तो मेलेला उजवा हात. म्हणाले, “तिचं नाही. माझं पण नाही. आता कुणाचंच काही मिळणार नाही. जा.”

सगळं शांत झालं. मुंगी रडायला लागली. म्हणाली, “पण तू दिलंस ना? मामांनी लिहिलं होतं, आई नमुना आहे. मी तसंच काढत होते.”

हे तुला टोचायला लिहीत नाही. मलाही टोचलं. फळ्यावरचं अक्षर मीच काढून दिलं होतं.

संध्याकाळपर्यंत ताप चढला. तेच हॉस्पिटल, तीच भिंतीकडची खाट. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स म्हणाली, “पोरीनं अंथरूण ओलं केलंय, मागच्या खोलीतून चादर आणता का? माझा हात गुंतलाय.” मी गेले. दार लोटलं. ऊन होतं, चादरी होत्या. आणि तो होता. दिसला नाही. पण एखाद्या खोलीत कुणीतरी आपली वाट बघत उभं असतं तेव्हा कळतं ना, तसं. घाई नव्हती त्याला. मला फक्त एक शब्द बोलायचा होता आणि पोर संध्याकाळपर्यंत उठून बसली असती. मला पक्कं माहीत होतं, बसली असती.

मी चादर घेतली. पाठ वळवली. बाहेर आले.

मग तिच्या खाटेशी बसून मी प्रार्थना केली. आयुष्यात पहिल्यांदा काही न देता केली. म्हणाले, “प्रभू, ही तुझी आहे. मी काही देणार नाही, माझ्याकडून तू काही मागतही नाहीस असं दादा सांगतो. तू नुसता ये.” मरणाहून कठीण होतं ते. हात दिला तेव्हा एवढं दुखलं नव्हतं. आईला हात तोडून देणं सोपं असतं, दादा. हात मांडीवर ठेवून बसणं जमत नाही.

कुणी काही बोललं नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. डॉक्टरीणबाई औषधं बदलत होत्या आणि माझ्याकडे बघणं टाळत होत्या. मी कान देऊन ऐकत होते. काहीच नाही. आधी त्या शांततेची भीती वाटली. मग तिसऱ्या दिवशी केव्हातरी लक्षात आलं, या शांततेत कुणी वाट बघत उभं नाही. कुणीतरी बसलंय. माझ्यासारखंच, खाटेशी, हात मांडीवर ठेवून.

पाचव्या दिवशी दुपारी ताप उतरला. तिचा डावा पाय ओढला जातो. डॉक्टरीणबाई म्हणतात, तो तसाच राहील. माझा वास आला नाही, हात आला नाही, डोळा आला नाही. मुंगीला मात्र आता गल्लीच्या टोकाचा वास येत नाही. म्हणाली, “आता एकच आहे. हलकं वाटतं.”

तू विचारलं होतंस ना, मुंगीला विचारलंस का म्हणून. मी रागानं पत्र पिशवीत कोंबलं होतं. तीच पिशवी घेऊन दारात उभी होते.

ठकी


१० एप्रिल

प्रिय ठके,

मी रविवारी मंडळीपुढं उभा राहून म्हणालो, दोन महिन्यांपूर्वी मी तुम्हांला चुकीचं शिकवलं. ‘घे’ म्हणणारी आई हा नमुना नव्हे, ती अडचणीत सापडलेली बाई आहे, आणि तिच्याजवळ जाऊन बसायचं सोडून मी तिचं पत्र वाचून दाखवत होतो. मग आपल्या आईबद्दल सांगितलं. सगळं. तिचं प्रेम खरं होतं, त्यात खोट नव्हती. घेणारा खोटा होता. आणि इतकी वर्षं ती तुझ्याशिवाय कुणाशी हे बोलू शकली नाही, तिचं खरं मरण तेच.

मला वाटलं, लोक मला वेड्यात काढतील. काही जणांनी काढलंही. चर्चचे खजिनदार म्हणाले, पाळकसाहेबांना विश्रांतीची गरज आहे.

पण ठके, उपासना संपल्यावर तीन बायका आल्या. एकत्र नाही, एकेकट्या, बाकीचे गेलेत ना हे बघून. एक आमच्या चर्चच्या शाळेतली शिपाईण. एक शिंपीण, जिला मी बारा वर्षं ओळखतो. ती चहात मीठ पडलं तरी पिते, आम्ही तिची थट्टा करायचो. तिसरीचं नाव मी सांगत नाही. तिघींनी इकडंतिकडं बघून हळू आवाजात एकच प्रश्न विचारला.

“तुमच्या बहिणीला आला तो आवाज बाप्याचा होता की बाईचा?”

मी काय सांगू त्यांना?

तुझा,
दादा


२२ जून

प्रिय दादा,

त्यांना सांग, बाप्याचाही नाही, बाईचाही नाही. त्यांना ते माहीत आहे. दुसऱ्या कुणाला माहीत आहे का, एवढंच त्या विचारतायत.

उशीर झाला लिहायला. शाळा सुरू झाली, मुंगीला एका पायाला जाड तळाचा बूट करून घेतला. ती त्याला ‘माझा ट्रक’ म्हणते आणि पोरांच्या पायांवर मुद्दाम चढवते. बेकरीत मला भट्टीवरून काढून हिशोबाला बसवलंय. उजव्या डोळ्यानं आकडे दिसतात.

परवापासून तिला ताप आहे. एकशे एक. पोरांना येतो तसा, शाळेत अर्धा वर्ग झोपलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढा-बिढा काही नको, पाणी पाजा. मी आत्ता तिच्या पायथ्याशी बसून हे लिहितेय. दुपार आहे. आणि दादा, माझ्या खुर्चीच्या मागं मघापासून कुणीतरी उभं आहे. दोनदा घसा खाकरलाय. फार सभ्यपणानं, आपलं लक्ष नाही बघून माणूस खाकरतो तसा. मी मागं वळले नाही. बोलले नाही. तुला पत्र लिहायला घेतलं.

तो जाईल असं मला वाटत नाही. मी म्हातारी होईपर्यंत पोरीला ताप येईल तेव्हा तेव्हा तो येईल, आणि तिला पोर झालं की तिच्याकडे जाईल. तिला मी आत्तापासून सांगून ठेवते आहे.

त्या तिघींना माझा पत्ता दे. त्यांच्या पोरांना ताप आला आणि मागं कुणी उभं राहिलं, तर लगेच मला लिहायला सांग, अक्षर वाकडं आलं तरी चालेल. काय करायचं ते मी कळवीन. काही करायचं नाही, एवढंच करायचं. पण ते एकटीनं होत नाही.

मुंगी उठली. पाणी मागतेय. देऊन येते.

तुझी,
ठकी